कागदावरचा गोटा

फाहूदला माझं आडनाव कुणाला पेलत नाही.
पिंपळशेंडे म्हणता म्हणता
फोरमन पिंपलवर थांबतो,
शेंडा वाऱ्यावर सोडून देतो.
काम सोपं आहे. दर तीन मीटरला
भुईच्या पोटातून वर आलेला चुरा
चाळणीत धुवायचा, वाळवायचा,
भिंगाखाली धरायचा आणि लिहायचं:
चुनखडी, करडी, शिंपल्याचे तुकडे,
तेलाचा वास आहे.

एसीच्या झोतानं नोंदींचे कागद उडू नयेत
म्हणून त्यांच्यावर एक गोटा असतो.
मस्कतच्या विमानतळावर त्याच्यापायी बॅग उघडली होती.
काय आहे? दगड.
आमच्याकडे कमी आहेत का?

तो पिसदुऱ्याचा, वरोऱ्याकडचा, मामाच्या वावरातला.
पऱ्हाटीच्या तासात असे ढिगानं निघत.
आम्ही त्यांनी बिब्याच्या झाडावर नेम धरायचो
आणि आई एक दुधाच्या गंजावर ठेवायची,
मांजरानं झाकण सरकवू नये म्हणून.
एकदा जीपमधून माणसं आली,
तासांतून गुडघ्यांवर रांगली,
जाताना सांगून गेली, हे शेण आहे,
डायनोसॉरचं, दगड झालेलं.
मामी शीऽ करत अंगणात पळाली.
आईनं एवढंच विचारलं, "काय खाये थो?"
"गवत," ते म्हणाले. "झाडपाला."
"मंग चालते," आई म्हणाली
आणि गोटा परत गंजावर ठेवला.

काल शाल्मलीचा फोन. शाळेत बाईंनी सांगितलंय
डायनोसॉर मेले, पुरले गेले, त्यांचं पेट्रोल झालं.
"बाबा, एखादा दात आला का वर?"
नाही, बाळा. ते काठावर चरत असतील,
इथे तेव्हा समुद्र होता.
तेल ज्यांचं झालं
ते मिठाच्या कणाहून लहान,
त्यांना मान नाही, शेपूट नाही,
दप्तरावर छापावं असं काहीच नाही.
उन्हात तरंगायचे, मरायचे,
धुळीसारखे तळाशी बसायचे,
आणि हे इतक्या वेळा, की
"म्हणजे तू डायनोसॉरचं काम नाही करत?"
नाही, म्हणालो. तेवढ्यात रेंज गेली,
किंवा तिनं ठेवला.

शुक्रवारी मुसल्लम मला कड्याखाली घेऊन गेला.
तीन दगड मांडले, पिशवीतून
उंटाचं खडखडीत वाळलेलं शेण काढलं,
एका काडीत पेटवलं.
मागे फील्डवरचा गॅस भर दुपारी जळत होता,
घरातला दिवा मालवायचं विसरून
कुणी गावाला गेल्यासारखा.
"काय खातो रे तुझा उंट?" मी विचारलं.
तो बोटांवर मोजू लागला:
गाफच्या शेंगा, बाभळीचा पाला, खजूर,
आणि कॅम्पच्या कुंपणापाशी टाकलेली
पुठ्ठ्याची खोकी.
पुठ्ठ्याचं आई काय म्हणाली असती
मला ठरवता येईना.
चहाला धुराचा वास लागला होता. दोन कप घेतले.

सहाला शिफ्ट. सहाशे बारा मीटर.
चुरा पेटीत ठेवला, झाकण लावलं,
जांभळ्या दिव्याखाली ते कण
निळे, मग पिवळे उजळले,
कुणी हाक मारल्यावर
अर्धवट झोपेत ओ द्यावी तसे.
मी लिहिलं: आहे.
गोटा उचलला, पान उलटलं,
गोटा ठेवला.