शेरा

सूरच्या एक्स्चेंजात मी बावीस वर्षं
लोक बोलायच्या आधीचं ऐकत बसलो.
किल्ली दाबायची, लाइन पकडायची,
मीटरचा काटा कुठे लटपटतो ते बघायचं.
पण काटा नंतर. आधी कान.
ओल्या जोडाचा आवाज तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा,
उंदरानं कुरतडलेल्याचा तुटक, लाजरा,
आणि तार पारच तुटली असेल तर
कोरडी, स्वच्छ शांतता.
तिला मी कधी घाबरलो नाही. तुटलेलं सापडतं.
अर्धवट जोडलेलं माणसाला उन्हात फिरवतं.

समुद्र इथे जमिनीखालूनही येतो.
मॅनहोलचं झाकण निघालं की मुराद बख्श
आधी बादली सोडायचा, मग शिडी, मग स्वतः.
वर यायचा तेव्हा दाढीत पांढरं मीठ.
हिरवे पडलेले जोड माझ्या टेबलावर मांडायचा,
आमच्या गुहागरला पितळी पातेल्यात ताक कळकतं
तसे कळकलेले.
तांब्यानं या गावचं मीठ खाल्लं
आणि खाल्ल्या मिठाला जागत झिजत गेलं.

आता नवं यंत्र आलंय, फ्रीजएवढं,
तसंच गुरगुरणारं.
रात्री दोनला आपणहून उठतं,
नऊ हजार लाइनी तपासतं, एकेकीला अर्धा सेकंद,
आणि सकाळी यादी: कुठली लाइन, किती मीटरवर, दोष क्रमांक काय.
मी तीनदा पडताळून पाहिलं.
चौथ्यांदा पडताळलं नाही.

इंजिनियर शमसा अल-अरैमी म्हणाली,
तुमची वही यंत्रात घालू या.
वही मराठीत. तिनं कीबोर्ड पुढे ओढला,
मी माझ्या मोडक्या अरबीत वाचत गेलो.
दोषाचे एकवीस प्रकार, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना,
तीस अक्षरांचा.

तीनशे एकोणनव्वद: बकऱ्या.
"बकऱ्या म्हणजे?"
खांबाला पाठ घासतात.
बकऱ्या मावल्या.
एकशे बारा: खाडीपलीकडचं कॅबिनेट.
दक्षिणेचा दमट वारा सुटला की खरखर,
वारा पडला की आपोआप बरी.
माणूस पाठवू नये, त्याला काही दिसणार नाही.
तिनं मोजलं. मावेना.
मी 'आपोआप' गाळलं. 'बरी' गाळलं.
मग माणूसही गाळला.
तरी मावेना.

ती खिडकीबाहेर पाहत राहिली,
गलबतं बांधायच्या वाडीकडे,
जिथे एक सांगाडा चार वर्षं फळ्यांची वाट पाहतोय.
तिचा आजा नाखवा होता, झांझिबार करून आलेला.
"कौस," ती म्हणाली, आणि टाइप केलं.
अरबीत तीन अक्षरं. आख्खा वारा.
उरलेली सत्तावीस घरं रिकामी.

पहिल्याच आठवड्यात एक तक्रार.
बंदराजवळच्या सलामा बिन्त खमीस,
फोन जुना, गोल तबकडीचा.
"रात्री दोनला कोण टिंग करतं आणि बोलत नाही?"
मी सांगितलं, माणूस नाही आई, तपासणी आहे,
लाइन जिवंत आहे का ते बघतात.
"मग सलाम तरी करावा."

चाचणीचा दाब आम्ही दोन खुणा खाली आणला.
घंटी गप्प झाली.
यादीत तिची लाइन ठणठणीत.

चौथ्या दिवशी पुन्हा तिचाच फोन.
"दोनला मी जागीच असते.
परवापासून कुणी विचारलं नाही."

शमसानं दाब पूर्ववत केला,
त्या एका लाइनीपुरता,
आणि विचारलं, रकान्यात काय घालू?
बावीस वर्षांच्या वहीत
इतका आखूड शेरा मी कधी लिहिला नव्हता:
दोष नाही. वाजू द्यावं.