मुक्कामाची मुदत

अर्जावर नाव: तोख्तासिन.
रजिस्टरात मी दोनदा खोडलं,
शेवटी विचारलं, "अर्थ काय रे ह्याचा?"

फर्ग्युसनला शिकणारा उझबेक पोरगा,
हातात झेरॉक्सची चळत.
तोडक्या हिंदीत म्हणाला, "थांबू दे.
आधीची दोघं थांबली नाहीत ना,
म्हणून आईनं तिसऱ्याला
हाकेतच धरून ठेवलं."

पंख्याखाली कागद फडफडत होते.
छातीवरची माझी पाटी
त्याला वाचता येत नव्हती:
धोंडिबा शेलार.
माझ्याआधी तिघं गेली.
मग आईनं मला धोंडा म्हटलं,
मरणाला उचलायला जड.

हे सांगितलं नाही. मागे रांग होती,
पुणे स्टेशनपर्यंत गेल्यासारखी.

फक्त रकाना भरला,
मुक्काम: आणखी एक वर्ष,
आणि शिक्का जरा
दाबूनच मारला.