दात बघून

निवा अकरा दिवसांपासून विटांवर उभी आहे.
सासऱ्यांनी घेतली तेव्हा सोव्हिएत देश होता,
आणि हा सोळा इंची अरुंद टायर
गावोगावच्या दुकानात लसणाच्या माळेसारखा टांगलेला असायचा.
आता अत-बाशीत विचारलं तर दुकानातला पोरगा
मोबाइलवरून डोळे न उचलता म्हणतो,
"पंधरा इंची आहेत. रिमच बदला ना, एजे."
रिमच बदला. गाडीच बदला.
नवराही बदलू का, विचारणार होते,
पण तो येकातेरिनबुर्गला विटा रचतो
आणि त्याचं मी गावात काही बोलत नाही.

नवा टायर, एकाला पाच हजार चारशे सोम.
लसीकरणाच्या नोंदवहीत मी चाराने गुणलं
आणि पान उलटलं.

पहाटे चारची मिनीबस. डोलोनच्या खिंडीत मे महिन्यातही बर्फ.
राजधानीच्या कडेला तो बाजार:
टायरांचे मनोरे, काळं पॉलिश चोपडलेले,
वास असा की दिवसभर जिभेवर रबर.
मी जनावरांची डॉक्टर. घोड्याचा ओठ वर केला
की वय सांगते.
धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, मान्य.
ही गाय विकतची होती.

खाचेत काडेपेटीची काडी उभी धरली.
गूल बुडालं तर थांबायचं,
बाहेर राहिलं तर पुढचा मनोरा.
अंगठ्याने कडा दाबून भेगा पाहिल्या,
मग बाजूवरचे चार आकडे:
आधी आठवडा, मग साल.
पॉलिश कितीही चोपडा, ते पुसले जात नाहीत.

एकावर होतं १९१७.
मी दचकले तसा म्हातारा ओस्मोनकुल हसला,
"क्रांतीचा नव्हे हो. एकोणिसावा आठवडा, सतरा साल.
वनखात्याच्या गाडीचे. उभ्या उभ्या म्हातारी झाली बिचारी."
त्या आठवड्यात मी बाळंतीण होते.
हे त्याला सांगितलं नाही; भाव वाढला असता.

असे तीनच होते. चौथा वेगळ्या नक्षीचा, माप तेच.
"चारही सारखे हवेत," मी म्हटलं, "नाहीतर मधली पेटी कुरकुरेल."
"कुरकुरू दे. तुमचं घर कुरकुरत नाही?"
मग विचारलं, काय करता. सांगितलं.
त्याने तिथेच आ केला, खालचे दोन सोन्याचे.
"सांगा वय."
"अडुसष्ट."
"सदुसष्ट!" म्हणाला, आणि शंभर सोम कमी केले.

परतीला मिनीबसवाल्याने
टपावरच्या टायरांचं दोन माणसांचं भाडं लावलं.

घरी बॉनेट उघडलं. निवाची स्टेपनी इंजिनाशेजारीच असते.
पस्तीस वर्षांत ही एकदाही जमिनीला टेकली नव्हती.
काडी अख्खी आत गेली, गूल दिसेना.
पण दाबल्यावर कडा
वाळल्या कुरुतसारखी चुरली.
तोंडभर दात
आणि आत जीव नाही.
सासरे अंगणात स्टुलावर बसून बघत होते.
"अडीनडीला ठेवलाय तो," म्हणाले.
मी तो होता तिथेच ठेवला, पट्टा आवळला.

काल कुरणावर गेलो. एका मेंढ्याचा खूर सडला होता,
दोन कोकरांना जुलाब.
चढावर निवा घसरली नाही. मधली पेटी कुरकुरली.
मी सुया उकळत होते तेव्हा एर्निस
चिखलातल्या खुणांमागे वाकून वाकून चालत गेला,
शिकाऱ्यासारखा, आणि धावत परत आला.
"आई, इथून दोन गाड्या गेल्यात!
एक डावीकडून, एक उजवीकडून."

"कुठे गेल्या?" मी विचारलं.

तो वर बघायला लागला, वाट जिथे ढगात शिरते तिथे.