दारं धरणारी

काच तापवून ओढली की तिला टोक येतं,
केसाहून बारीक, धुळीलाही घाबरणारं.
ओर्शोया केलेमेन रोज सकाळी अशी वीस टोकं ओढते,
त्यातली अकरा-बारा फुकट जातात.
सेगेद शहर, तिसा नदीचा काठ,
इस्पितळाच्या तळघरातली खोली,
तांब्याच्या जाळीचा पिंजरा, आत हवेवर तरंगणारं टेबल.
वर रस्त्यावरून ट्राम गेली की तरीही सगळं थरथरतं,
म्हणून तिला ट्रामचं वेळापत्रक तोंडपाठ आहे.

पेशीला टोक टेकवायचं.
मग ओठांत धरलेल्या रबरी नळीतून
किंचित हवा ओढायची,
गरम दुधावर फुंकर घालतो ना, त्याच्या अगदी उलट.
जमलं तर पडदा काचेला बिलगतो
आणि यंत्राची कुरकुर एकदम थांबते.
मग पडद्यावर पायऱ्या. वर. खाली. वर.
एक दार उघडलं.
मिटलं.
बराच वेळ काही नाही.
उघडलं.

तिच्या भाषेत या अवयवाला म्हणतात
पोटातली लाळग्रंथी. रोखठोक.
आपल्याकडे स्वादुपिंड.
कुणाला सुचलं असेल हे,
स्वाद आणि पिंड एकाच शब्दात,
जेवणाची पंगत आणि कावळ्याची वाट
एकाच पानावर?

कारण घडतंही तसंच.
ही ग्रंथी कात्र्या बनवते, कुलूप लावून पाठवते.
बारीक नळ्यांतून सोड्याचं पाणी खळखळत राहिलं
तर कात्र्या झोपेतच आतड्यापर्यंत पोचतात.
दारं अडली की रस घट्ट होतो,
कुलपं वाटेतच निखळतात
आणि ग्रंथी स्वतःलाच वाढून घेते.

आमच्याकडे रात्री पाटाच्या पाण्यावर जागतात,
एक वाफा भिजला की फावड्यानं माती ओढून
पुढचा फोडतात.
दारं धरणं म्हणतात त्याला.
ओर्शोयाला हा शब्द ठाऊक नाही.
ती चौदा वर्षं हेच करते आहे.

सप्टेंबरात विल्मोश तिला तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला.
"तू नळ्या पाहतेस, एकदा माणूसही बघ."
खाटेवर चापो बेनेदेक, गुडघे छातीशी,
कारण पाठ टेकली की आत कुणीतरी पीळ घालतं.
एकतीस वर्षं कालव्याच्या दरवाजांवर नोकरी,
थंडीत सोबतीला घरची पालिंका, आलुबुखाराची.
"किती?" असं तिनं विचारलं नाही.
त्यानंच विचारलं,
"केवढं असतं तुमचं दार?"
ती सांगायला गेली, हात वर केला,
दोन बोटं जवळ आणली, आणखी जवळ,
आणि हात खाली घेतला.
"गंजतं, की गाळ बसतो?"
ती गप्प.
"गंजाला वंगण चालतं," तो म्हणाला,
"गाळ मात्र हातानंच काढावा लागतो."
मग नर्सला म्हणाला, खिडकी लाव.

नोव्हेंबर. त्रेचाळिसावी पेशी.
दारू घातलेलं पाणी सोडलं, पायऱ्या विरळ झाल्या,
मग सपाट रेघ, दुपारच्या नदीसारखी.
नवं औषध घातलं.
पाच मिनिटं. सात.
ओठांतली नळी तिनं चावून धरली होती,
काढायचं भान नव्हतं.

नऊ बावन्नला एक पायरी.
एकच. मग दोन लागोपाठ.

ती जिने चढत गेली, लिफ्टसाठी थांबली नाही.
खाटेखाली कुणा दुसऱ्याच्या चपला होत्या, निळ्या, नव्या.
घरी गेला का, हा प्रश्न नर्सच्या टेबलापर्यंत
तिनं नेला
आणि तसाच परत आणला.

तळघरात रेघ अजून चालू होती.
वहीत तिनं वेळ लिहिली, मात्रा लिहिली,
समासात पेन्सिलीनं एक शब्द: गाळ?
मग दहा चारची ट्राम आली
आणि सगळ्या पायऱ्या
हलून गेल्या.