दोन पेले

परळच्या धर्मशाळेत शेजारच्या खाटेवर
कोंबाते. टोगोचा.
गळ्याला भोक, त्यावर गॉझ.
उशाखाली लूकच्या शुभवर्तमानाची वही,
अकरावा अध्याय अर्धवट.
माझे शेक चालू, त्याचे संपले.

त्याच्या बोलीत सूर हलला की शब्द हलतो.
'बाप' जरा खाली उतरला तर होतो 'उधारी',
लिहून दाखवलं त्यानं.
आता सूर आणायचा कुठून?

रात्री स्टीलचे दोन पेले मांडतो,
एक भरलेला, एक रिकामा.
चमच्यानं ओळ वाजवतो फोनपाशी.
पलीकडं बहीण. तिच्या मागं शेळ्या.
ती हसली की हा खोडतो.

काल पहारेकरी खेकसला, झोपा की आता!
मी म्हटलं, थांब रे जरा,
भाकरीपर्यंत आलाय.