डावं की उजवं

रिओनी नदीकाठच्या रग्बी मैदानात
प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एक खोली आहे.
पूर्वी तिथे चुना ठेवायचे.
आता मी, एक पलंग, बर्फाची पेटी
आणि वही.

रकाने मीच आखले. तारीख. नाव. कुठं दुखतंय.
डावं की उजवं. सामन्यात की सरावात.
किती दिवस बाहेर.
शेजारी छापलेला माणूस, पुढून एक, पाठून एक,
तोंड नसलेला, हात किंचित फाकवून उभा,
झडतीला उभं केल्यासारखा.
त्याच्यावर फुली मारायची.

मुलं खोटं बोलतात. वाईट नाहीत,
आईला सांगावं तसं सांगतात:
काही नाही, त्सिसाना, जरा आखडलंय.
बद्री फाटलेली पोटरी घेऊन ऐंशी मिनिटं धावला
आणि वर मला म्हणाला, बूट नवे आहेत.
ओतारच्या करंगळीचं हाड मोडल्याचं
मला त्याच्या बायकोकडून कळलं, पावाच्या रांगेत.
दुखणं अंगावर काढायचं, ही इथली शान.
पण अंगावर काढलेलं जातं कुठं?
अंगातच.

म्हणून मी वहीआधी चाल वाचते.
कोण कठडा धरून पायऱ्या उतरतं.
कोण वाकत नाही,
मोजा दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं काढतं.

नोव्हेंबर. चिखल. नोदार खाली गेला,
उठला, आणि दोन पावलं
चुकीच्या बाजूला चालला. दोनच.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, उठला म्हणून.
दोघांनी खांदा देऊन त्याला आणला,
वाटेत कानात काहीतरी पुटपुटत.

माझे पाच प्रश्न ठरलेले.
हे मैदान कुठलं. पहिला अर्ध की दुसरा.
शेवटचे गुण कुणाचे. मागचा सामना कुणाशी.
जिंकलो का.
त्यानं पाढे म्हणावेत तसं म्हणून टाकलं,
एक अक्षर न अडखळता.
जरा जास्तच सुरेख.
प्रशिक्षक दारात: झालं ना? सोड त्याला.
लिहायचंच तर खांदा लिही.

मी पट्टी गुंडाळत राहिले. मुद्दाम. सावकाश.
बाहेर शिट्टी झाली, आरडाओरडा झाला, विरला.
नोदार पलंगाच्या कडेवर बसलेला,
हात मांडीवर, शहाण्या मुलासारखा.
मग म्हणाला,
त्सिसाना, विचार ना लवकर.
मला पाचही येतात.

दारातलं कुणी बोललं नाही.
मी शाईनं लिहिलं: डोकं.
डावं की उजवं, इथं पेन थांबलं. रेघ ओढली.
छापील माणसाचं डोकं लिंबाएवढं,
एका फुलीत भरून जातं.

अहवाल तिबिलिसीला गेला.
नोदार एकवीस दिवस बाहेर. मग आणखी एकवीस.
दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात.
परतीची मुंगी मी रोज सकाळी तपासायची:
उजेड सोसतो का, झोप लागते का,
खाली वाकल्यावर जमीन हलते का.
तो बोलत नसे. मान हलवी, तीही जपून.
पुलावर त्याचा भाऊ समोरून आला
की पलीकडच्या बाजूनं जाई.
त्या हंगामात आम्ही खालच्या गटात घसरलो.
काही जण अजून म्हणतात, वहीनं घसरवलं.

(माझा उजवा अंगठा
सहा वर्षं रात्रीचा ठणकतोय,
असल्या रुंद पाठी दाबून दाबून.
नवरा विचारतो. मी म्हणते, काही नाही.)

एप्रिलात दारावर टकटक.
रुमालात अक्रोड, मामाच्या झाडाचे.
ठेवले, पण गेला नाही.
बुटावर बूट घासत उभा राहिला.
लिही, म्हणाला. करंगळी. काल सरावात.
खेळता येतंय.
पण दुखतंय.

एवढ्याशा बोटासाठी
या खोलीत आजवर कुणी आलं नव्हतं.
मी वही उघडली. तारीख टाकली.
डावी की उजवी?

त्यानं दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले,
आणि आम्ही दोघंही
वाकून बघत राहिलो.