झिलई

दोन्या एउलालियाचं मडकं बाजारात
टिचकी मारूनच घेतलं जायचं, आणि ते वाजायचं.
हिरवंगार, पाणथळ,
आत वाकलं तर वाकणाऱ्याचं तोंड दिसेल असं.
चाळीस वर्षं तिनं ती चकाकी बादलीत कालवली,
कोपरापर्यंत हात घालून, चुलीपासून दोन पावलांवर,
आणि त्याच हातांनी मग
मक्याच्या भाकऱ्या थापल्या.

मिचोआकानच्या त्या डोंगरात
झिलईच्या पिवळसर भुकटीला ग्रेता म्हणतात.
बाईचं नाव वाटतं.
घरात मुकाट वावरणारी,
कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

नातू निकांद्रो पहिलीत दुसऱ्यांदा बसला.
कालचं अक्षर आज त्याला ओळख देईना.
बाईंनी वहीत लिहिलं : लक्ष नाही.
आजोबा फिदेन्सियो म्हणाले, माझंही नव्हतं,
आणि भट्टीत लाकूड सारलं.

माझ्या भाषेत पेन्सिलीला शिसपेन्सिल म्हणतात,
तिच्यात कणभरही शिसं नसतं.
ज्यात होतं
त्या मडक्याला तिकडे
नुसतं मडकं म्हणत.

दवाखान्यातली युनुएन गावचीच.
तिनं भाषण केलं नाही.
पिशवीतून स्वतःच्या आईचं मडकं काढलं,
ओला बोळा आतून फिरवला.
बोळा गुलाबी झाला.
मग विचारलं, तुमचं आणता?
एउलालियानं आणलं.
तोही गुलाबी.

म्हणजे आम्ही काय विष विकलं?
कुणी बोललं नाही.
अंगणात कोंबडी काहीतरी उकरत होती.

शरीर भोळं असतं, युनुएन म्हणाली बऱ्याच वेळानं.
शिसं आलं की त्याला वाटतं चुना आला, कॅल्शियम आलं.
कौतुकानं हाडांत नेऊन ठेवतं,
कणगीत दाणे ठेवावेत तसं.
पुढे बाई पोटुशी राहिली, काही कमी पडलं,
की तीच कणगी उघडतं.

एउलालियानं लेकीकडे पाहिलं.
लेक मडक्याकडे पाहत होती.

निकांद्रोच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला.
अठरा, असा आकडा आला.
त्याला तो मोठा वाटला, त्यानं मित्रांना सांगितला.

मग केरसुणी गेली, ओलं फडकं आलं.
बादली घरातून परसाच्या टोकाला गेली.
कामाचा झगा बाहेरच्या खुंटीवर.
जेवायच्या आधी हात, नखांसकट.
घेवड्याला दुधाची जोड, कारण पोट भरलेलं असलं
की शिसं कमी मुरतं म्हणे.
भट्टीचे जुने थर खरवडले नाहीत, पाडूनच टाकले.
फिदेन्सियो तीन दिवस बोलला नाही,
चौथ्या दिवशी विटा भिजवू लागला.

नवी झिलई रुसकी.
तिला जास्त आच लागते.
पहिल्या खेपेची मडकी बेडकाच्या पाठीसारखी.
दुसरी खेप मुकी, टिचकीला उत्तर नाही.
तिसऱ्या खेपेला चकाकी आली,
पण पहाटेचं धुकं बसावं तशी.
नेहमीचा गिऱ्हाईक म्हणाला, ही तुझी नव्हे,
आणि निम्मे पैसे पुढे केले.
तिनं घेतले.
तो गेल्यावर म्हणाली, माझीच आहे.

वर्षानं अठराचे अकरा झाले.
अकरा म्हणजे सुटका नव्हे,
हेही युनुएननंच सांगितलं, नजर न चुकवता.
हरवलेली अक्षरं सगळी परततीलच
असं नाही.

राहिलं आईचं मडकं. लग्नात आलेलं.
एउलालियानं ते विकलं नाही,
फोडवलं नाही तिला.
अंगणात ओलं फडकं अंथरलं, मडकं पालथं घातलं,
बुडाला जाड खिळा लावला
आणि हातोडीनं, फार हळू,
तडा जाऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं त्याला धरून,
भोक पाडलं.
आता त्यात कुणी काही शिजवणार नाही,
तिच्या माघारीसुद्धा.

ते ओसरीच्या भिंतीवर टांगलंय.
निकांद्रो स्टुलावर चढतो,
त्या भोकात पेन्सिल घालून बघतो.
बरोब्बर बसते.
आतून आजी ओरडते,
उतर!
आणि हात धू आधी.